फ्लॅट टॅपेट की रोलर? शेवरोले ३५० बांधताना कॅमची निवड

शेवरोलेचं ३५० स्मॉल ब्लॉक (३५० घन इंचाचं व्ही-८ इंजिन) बांधताना बहुतेक जण कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, निवडतात तो अश्वशक्ती बघून. आमच्या मते आधी नवं इंजिन पेटल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासाचा विचार करावा, कारण फ्लॅट टॅपेट आणि रोलर या दोन कॅममधला सर्वांत महागडा फरक तिथेच पडतो.

फ्लॅट टॅपेट कॅमचा लोब (कॅमवरचा उंचवटा) किंचित उतरता घासलेला असतो आणि त्यावर टेकून वर-खाली होणाऱ्या लिफ्टरचा तळ किंचित फुगीर, म्हणून लिफ्टर स्वतःभोवती फिरत राहतो. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात ते पहिल्या २०-३० मिनिटांत. तेवढा वेळ आयडलिंग (इंजिन मंद वेगावर नुसतं चालू ठेवणं) अजिबात नको. इंजिन पेटताच २००० ते २५०० आरपीएमवर न्यायचं आणि वेग सतत थोडा वर-खाली करायचा. लोबला ऑइल मिळतं ते मुख्यतः फिरत्या क्रँकशाफ्टवरून उडणाऱ्या शिंतोड्यांतून, आणि आयडलला ते पुरत नाही. लिफ्टर फिरायचा थांबला की लोब बघता बघता झिजतो आणि लोखंडाचा चुरा ऑइलबरोबर इंजिनभर पसरतो. वाटेत गळती दिसली, तर इंजिन बंद करून दुरुस्ती करा आणि उरलेली मिनिटं नंतर पूर्ण करा.

त्यासाठी लोबवर आणि लिफ्टरच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. व्हॉल्व्हला डबल स्प्रिंग असतील तर तेवढ्यापुरत्या आतल्या काढून ठेवा. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या ५डब्ल्यू-३० ऑइलमध्ये झीज रोखणारा फॉस्फरस साधारण ८०० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत ८०० भाग) असतो, म्हणून जस्त-फॉस्फरस जास्त असलेलं ब्रेक-इन ऑइलच (पहिल्या चालवण्यासाठीचं ऑइल) भरा. जुने लिफ्टर नव्या कॅमवर कधीही बसवू नका.

रोलर लिफ्टर चाकावर चालतो, त्यामुळे कॅमसाठी हा सोपस्कार लागत नाही. पिस्टन रिंगा मात्र दोन्हीकडे बसवाव्याच लागतात, आणि त्या लोडवर, म्हणजे इंजिनावर भार असताना, बसतात. रोलरची अडचण खर्चाची आहे. १९८७ पूर्वीच्या ब्लॉकला जोडपट्टीचे रेट्रोफिट (जुन्या ब्लॉकमध्ये बसणारे) लिफ्टर, आखूड पुशरॉड (लिफ्टरवरून वर जाणाऱ्या काड्या) आणि कॅम पुढे सरकू नये म्हणून कॅम बटण लागतं. बिलेट स्टीलचा (अखंड पोलादातून कोरलेला) कॅम डिस्ट्रिब्युटरचा (ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) साधा बिडाचा गिअर खाऊन टाकतो. ब्राँझचा किंवा कॅम बनवणाऱ्याने सांगितलेलाच गिअर बसवा.

ऑइल प्रायमिंग (पेटवण्याआधी इंजिनभर ऑइल पोहोचवणं) दोन्हींना सारखंच: डिस्ट्रिब्युटर काढून प्रायमिंग टूल ड्रिलने घड्याळाच्या दिशेनं फिरवायचं, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या सोळाही रॉकरवर ऑइल येईपर्यंत. टूलला गॅलरी (ऑइलची वाट) बंद करणारी कॉलर हवी, नाहीतर वरपर्यंत प्रेशर पोहोचत नाही. मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) १०-१२ अंश पुढे, कार्बोरेटरचा बाऊल भरलेला. फ्लॅट टॅपेटवर सेल्फ मारत बसलात तर पेस्ट पुसली जाते. टायमिंग फार मागे राहिलं तर हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) लाल होतात.

इग्निशन आणि कार्बोरेटर आधी दुसऱ्या इंजिनवर तपासलेले असतील, स्प्रिंग मऊ असतील आणि हात आखडता असेल, तर फ्लॅट टॅपेट घ्यावा. कडक स्प्रिंग, उंच लिफ्ट किंवा न तपासलेलं कार्बोरेटर असेल, तर रंग आणि क्रोमचे पैसे वाचवून रोलरमध्ये घालावेत.