ॲल्युमिनियमसाठी पार्टिंग टूल: एचएसएस पातं, एमजीएमएन इन्सर्ट की स्प्रिंग-ब्लेड?

पार्टिंग म्हणजे लेथवर फिरत्या बारमध्ये अरुंद खाच खोल नेऊन तुकडा कापून वेगळा करणं. त्यासाठी इथे तीन पर्याय आहेत: एचएसएस, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचं पातं; होल्डरमध्ये बसणारा एमजीएमएन इन्सर्ट, म्हणजे कार्बाइडचा बदलता येणारा छोटा धारेचा तुकडा; आणि स्प्रिंग-ब्लेड, म्हणजे स्प्रिंगच्या पकडीने इन्सर्ट धरणारं उंच पातं. ही तुलना छोट्या हौशी लेथसाठी आहे. सेंटर हाइट (फिरण्याच्या अक्षाची बेडपासूनची उंची) ९० ते १०५ मिमी, मोटर ५५० वॉटच्या आसपास, टूल पोस्टमध्ये १० किंवा १२ मिमीचा शँक (टूलचा दांडा). जॉब म्हणून २५ मिमी व्यासाचा एचई३०, म्हणजेच ६०८२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा बार धरू. निकाल आधीच सांगून टाकू. बहुतेकांनी १२ मिमीचा एमजीईएचआर (एमजीएमएन इन्सर्ट धरणारा) होल्डर घ्यावा आणि त्यात २ मिमी रुंदीचा, ॲल्युमिनियमसाठी ग्राइंड आणि पॉलिश केलेला, कोटिंग नसलेला इन्सर्ट लावावा. महिन्यातून दोन-चारदाच पार्टिंग होत असेल आणि मशीन जुनं, ढिलं असेल, तर एचएसएस पातं पुरेसं आहे. स्प्रिंग-ब्लेड घ्यायचं ते जाड बारसाठी, आणि तेही मशीन दणकट असेल तरच.

धार आधी, होल्डर नंतर

ॲल्युमिनियममध्ये टूल मोडतं ते धातू कडक म्हणून नाही. मऊ धातू धारेला चिकटतो, चिकटलेला गोळा स्वतःच धार बनून बसतो, खाच वेडीवाकडी होते, चिप (कापलेल्या धातूची पट्टी) अडकते आणि पुढच्याच फेऱ्यात कडाक् आवाज येतो. म्हणून कार्बाइड आहे की एचएसएस, यापेक्षा धार किती तीक्ष्ण आणि किती गुळगुळीत आहे याला जास्त महत्त्व आहे.

ऑनलाइन दहाच्या पाकिटात मिळणारा पिवळा किंवा काळपट एमजीएमएन २०० इन्सर्ट मुळात स्टीलसाठी असतो. धार टिकावी म्हणून त्याची कड मुद्दाम किंचित गोल ठेवतात, वर कोटिंग चढवतात. टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडच्या कोटिंगला ॲल्युमिनियम लवकर धरतं. त्या इन्सर्टने कापता येतच नाही असं नाही, पण त्याला दाब जास्त लागतो, आणि हलक्या मशीनकडे नेमका दाबच नसतो. ॲल्युमिनियमचा इन्सर्ट डोळ्यांनी ओळखता येतो. तो चांदीसारखा चकचकीत असतो, वरचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, आणि धार नखावर हलकेच टेकवली तर घसरत नाही, अडकते. एच०१ सारखी कोटिंग नसलेली ग्रेड मागावी. नावात एमजीजीएन असेल तर इन्सर्ट बहुधा ग्राइंड केलेला असतो. तरी फोटो मोठा करून धार बघूनच ऑर्डर द्यावी.

एचएसएस पात्याची ताकद इथेच आहे. ऑइलस्टोनवर दोन मिनिटं घासलं की त्याची धार साध्या कार्बाइड इन्सर्टपेक्षा तीक्ष्ण होते. पुढून ६ ते ८ अंश क्लिअरन्स (धारेखालचा मोकळा कोन) आणि वरून ८ ते १० अंश उतार पुरे. होल्डर पातं आधीच तिरपं धरत असेल तर तो कोन यात मोजावा. उतार फार वाढवला तर पातं स्वतःहून जॉबमध्ये ओढलं जातं, आणि क्रॉस स्लाइडच्या (टूल जॉबकडे नेणाऱ्या सरकत्या भागाच्या) नटमध्ये खेळ असेल तर ते थांबवता येत नाही.

विडियाचं, म्हणजे कार्बाइडचं टोक दांड्यावर ब्रेझ केलेलं पार्टिंग टूल स्वस्त मिळतं, पण ॲल्युमिनियमसाठी घेऊ नये. ते बोथट येतं, आणि धार लावायला हिरवं सिलिकॉन कार्बाइड किंवा डायमंड व्हील लागतं.

चिप खाचेबाहेर कशी येते

इन्सर्ट सर्वांत जास्त पुढे जातो तो इथे. त्याच्या वरच्या अंगाला मधोमध खोलगट भाग असतो. कापलेली पट्टी त्यात दोन्ही कडांनी आत दुमडते, म्हणून ती खाचेपेक्षा किंचित अरुंद होते आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी होऊन सुटते. सपाट माथ्याच्या एचएसएस पात्याची चिप खाचेएवढीच रुंद असते आणि दोन्ही भिंतींना घासत वर येते. खोली ७–८ मिमीच्या पुढे गेली की ती अडकायला लागते. तेव्हा पातं मागे घेऊन ब्रशने खाच साफ करायची, अर्धा मिमी बाजूला सरकून खाच रुंद करायची आणि मग पुढे जायचं. टी आकाराचं, वरून रुंद आणि खाली निमुळतं पातं यात थोडं बरं. निदान त्याच्या बाजू घासत नाहीत.

किती खोल, किती रुंद

एमजीएमएन २०० दोन्ही टोकांना धार असलेला, सुमारे १६ मिमी लांब इन्सर्ट आहे. म्हणजे दहाच्या पाकिटात वीस धारा. पण मागचं टोकही तेवढंच रुंद असल्यामुळे खोलीला मर्यादा येते. २५ मिमीचा बार निर्धास्त कापा. त्यापुढे होल्डरवर दिलेली कमाल खोली बघूनच. स्प्रिंग-ब्लेडचा जीटीएन इन्सर्ट एकाच टोकाचा असतो आणि २६ मिमी उंचीच्या ब्लेडमध्ये स्प्रिंगच्या पकडीने बसतो. ब्लेड हवं तेवढं बाहेर काढता येतं, त्यामुळे ५० मिमीचा बारही कापता येतो. अडचण उंचीची आहे. ब्लेडचं टोक तळापासून सुमारे २१ मिमी वर येतं, त्याखाली ब्लॉकची जाडी. १२ मिमी शँकच्या छोट्या लेथवर ते सेंटरवर बसतच नाही. विकत घेण्याआधी कंपाउंड स्लाइडच्या (टूल पोस्टखालच्या स्लाइडच्या) माथ्यापासून सेंटरपर्यंतचं अंतर मोजा.

रुंदीच्या बाबतीत ३ मिमीचा मोह टाळा. सारख्या फीडला (फीड म्हणजे फेऱ्यामागे टूल जितकं आत जातं ते) ३ मिमीच्या टूलवर २ मिमीच्या दीडपट जोर येतो, आणि छोट्या लेथचा चॅटर (थरथर) तिथूनच सुरू होतो. १.५ मिमीचा इन्सर्ट पातळ नळ्यांसाठी छान, पण खोल खाचेत तो बाजूला वाकतो. तिरप्या धारेचा इन्सर्टही नको. सुट्या तुकड्यावर टोक राहत नाही हे खरं, पण टूल एका बाजूला ढकललं जातं आणि कापलेला पृष्ठभाग वाटीसारखा येतो.

बसवणं आणि कापणं

इन्सर्टची बैठक कापडाने पुसून घ्या. खाली एक बारीक चिप राहिली तरी कार्बाइड तडकतो. धार सेंटरवर, फरक ०.१ मिमीच्या आत. पॅकिंगला पत्र्याच्या पट्ट्या चालतात. होल्डर चकच्या तोंडाशी समांतर लावून काटकोन तपासा, कॅरेज आणि कंपाउंड दोन्ही लॉक करा. कट चकपासून जितका जवळ घेता येईल तितका. दुसरं टोक टेलस्टॉकच्या सेंटरने दाबून धरायचं नाही, नाहीतर तुकडा सुटताना टूलवर आवळला जातो.

२५ मिमीच्या बारला इन्सर्टसाठी १२०० आरपीएम ठेवले तर कटिंग स्पीड सुमारे ९४ मीटर प्रति मिनिट होतो. कार्बाइडला ॲल्युमिनियममध्ये याच्या दुप्पटही चालतो, इथे मर्यादा मशीनची आहे. एचएसएसला ७०० आरपीएम. फीड ०.०५ मिमी प्रति फेरा. क्रॉस स्लाइडच्या हँडलला फेऱ्यामागे १ मिमी चाल असेल, तर १२०० आरपीएमला सेकंदाला एक फेरा हँडल फिरवायचं आणि तेरा सेकंदांत कट संपवायचा. हाताला हे जरा जास्तच वेगवान वाटतं, पण घाबरून हात थांबवला की धार नुसती घासते, तापते, आणि तिथेच धातू चिकटतो. आवाज कर्कश झाला तर आरपीएम कमी करा, फीड तसाच ठेवा.

वंगण दोन्हींना हवंच. रॉकेल ब्रशने थेंबथेंब, किंवा वीस भाग पाण्यात एक भाग सोल्युबल ऑइल. रॉकेलजवळ ठिणगी, बिडी-सिगारेट काही नको. धार लकाकण्याऐवजी पांढुरकी दिसू लागली की समजा धातू चिकटला. तो स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, कार्बाइडची कड टवका होऊन निघते. पितळेच्या पट्टीने बाजूने ढकलून काढा.

मध्याजवळ कटिंग स्पीड शून्याकडे जातो आणि इन्सर्ट मोडतो तो बहुतेक तिथेच. शेवटचे २ मिमी राहिले की फीड अर्ध्यावर आणा. तुकड्याला मधून भोक असेल तर टेलस्टॉकच्या ड्रिल चकमध्ये बारीक सळई धरून ती भोकात सैल सरकवून ठेवा, तुकडा सुटला की तिच्यावरच अडकतो. भोक नसेल तर खाली लाकडी ट्रे ठेवा. हात मात्र नाही.