बेल्टवरचा छोटा डोझर: आहे तसा दुरुस्त करावा, हायड्रोस्टॅटिक करावा की विकून टाकावा?

लिव्हर पुढे ढकलला, इंजिनाने आवाज चढवला, जळक्या रबराचा वास सुटला आणि डोझर काही जागचा हलला नाही. बेल्टवर चालणारा छोटा हौशी डोझर ज्याने विकत घेतला किंवा कुणाच्या शेडमधून धूळ झटकून बाहेर ओढला, त्याच्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच. मग तीन वाटा दिसतात. बेल्ट, पुल्या आणि चेन नीट करून यंत्र आहे त्याच रचनेत चालवायचं. किंवा बेल्ट काढून त्या जागी हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर यंत्र चालवणारे पंप आणि मोटर बसवायच्या. नाहीतर हे लचांड विकून पुढे पातं लावलेला बागकामाचा ट्रॅक्टर घ्यायचा. मी स्वतः पहिली वाट धरली. दुसरी एका मित्राच्या यंत्रावर, स्वतःचे हात तेलात बुडवून पाहिली. तिसरीबद्दल थोडकंच बोलेन.

आधी यंत्र कसलं ते ठरवू. वजन साधारण साडेतीनशे किलो, इंजिन आठेक अश्वशक्तीचं, पातं मीटरभर रुंद, दोन लिव्हर. डावा लिव्हर डाव्या ट्रॅकचा (चाकांऐवजी फिरणारा पट्टा), उजवा उजव्याचा. अशा बऱ्याच रचनांत लिव्हर पुढे केला की एक आयडलर (बेल्टवर दाबणारी मोकळी पुली) पुढच्या गतीचा बेल्ट ताणते, मागे केला की दुसरी आयडलर उलट गतीचा बेल्ट ताणते, आणि मध्ये ठेवला की दोन्ही सैल. क्लच वेगळा नाही, बेल्ट हाच क्लच. एक लिव्हर पुढे आणि दुसरा मागे केला की डोझर जागच्या जागी गिरकी घेतो. खरं सांगायचं तर हे यंत्र घेणारे निम्मे लोक त्या गिरकीसाठीच घेतात.

ताकदीचा वाद आधी मिटवू, कारण हायड्रोस्टॅटिककडे वळणारा प्रत्येक जण "बेल्ट घसरतो, म्हणजे ताकद कमी पडते" याच समजुतीने वळतो. डोझर ताशी 3 किलोमीटरने चालतो असं धरा, म्हणजे मिनिटाला 50 मीटर. ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा, म्हणजे स्प्रॉकेटचा, व्यास 25 सेंटिमीटर असेल तर त्याला मिनिटाला सुमारे 64 फेरे घ्यावे लागतात. इंजिन 3600 फेऱ्यांवर. म्हणजे मधल्या बेल्ट-चेनच्या साखळीत वेग सुमारे 56 पट उतरतो. आता ओढ. यंत्र आणि चालक मिळून सव्वाचारशे किलो. घट्ट मातीत ट्रॅक फार तर तीनशे किलोच्या आसपास रेटा देईल, त्यापुढे तो जमीन खरवडत जागीच फिरेल. तीनशे किलोचा रेटा ताशी 3 किलोमीटरने द्यायला लागतात तीन-साडेतीन अश्वशक्ती. इंजिन आठचं आहे. चांगल्या बेल्ट-चेनमधून त्यातली सातेक खाली पोचते, हायड्रोस्टॅटिकमधून सहाच्या आसपास, कारण तिथे तेल ढकलण्यात आणि तापवण्यात पंचवीस-तीस टक्के सहज जातात. म्हणजे सरळ ढकलताना दोन्हींकडे गरजेपेक्षा जास्त आहे. ढकलण्याची मर्यादा वजन ठरवतं. पंप बसवून डोझर जास्त माती ढकलेल असं वाटत असेल तर त्यापेक्षा मागे दोन वजनं बांधून बघा.

मग बेल्ट घसरतो कशाने? बहुतेक वेळा वळताना. ट्रॅक वळतो म्हणजे तो जमिनीवरून आडवा घासला जातो. सगळा भार बाहेरच्या एका ट्रॅकवर, म्हणजे एकाच बेल्टवर येतो. पातं मातीने भरलेलं असताना वळलात तर तो बेल्ट हमखास किंचाळणार. आधी मागे यायचं, मग वळायचं, मग पुन्हा सरळ घुसायचं. ही सवय लागली की निम्म्या तक्रारी आपोआप गेल्या.

उरलेल्या निम्म्या दुरुस्तीच्या, आणि बेल्टच्या बाजूने माझं मत झुकतं ते इथेच. यातलं प्रत्येक काम फूटपट्टी, दोरी आणि पान्यांचा एक संच एवढ्यावर होतं.

हे बेल्ट व्ही-बेल्ट, म्हणजे पाचरीसारखे खाली निमुळते. व्ही-बेल्ट भार उचलतो तो कडांनी. त्याचं बूड पुलीच्या तळाला कधीच टेकता कामा नये. पुलीचा खाचेतला तळ चकाकत असेल तर समजा की बेल्ट किंवा पुली झिजून बेल्ट खाली बसलाय, आणि आता कितीही ताणलात तरी तो घसरणारच. नवा बेल्ट टाकूनही तळ चमकला तर पुली बदला. माझ्या यंत्रावर मी दोन बेल्ट जाळले आणि मग कुठे वाकून पुलीच्या तळात बघितलं.

बेल्टची निवडही आंधळेपणाने करू नका. कारच्या इंजिनावरचा दातेरी, उघड्या कडांचा बेल्ट पकड छान देतो म्हणून लोक आणतात. पण इथे बेल्टला दिवसातून शंभरदा सुटायचं आणि पकडायचं असतं. दातेरी बेल्ट झटक्याने पकडतो, डोझर बेडकासारखा उडी मारतो, आणि लिव्हर मध्ये आणला तरी बेल्ट पुलीला चिकटून यंत्र पुढे सरकत राहतं. इथे हवा कापडाने पूर्ण गुंडाळलेला, आत अरामिडच्या (मजबूत कृत्रिम) धाग्यांचा बेल्ट, गवत कापण्याच्या यंत्रांत क्लच म्हणून वापरतात तसा. तो मऊपणे धरतो आणि घसरला तरी लगेच जळत नाही.

मापाचा घोळ मीही घातलाय. ए आणि बी मालिकेच्या बेल्टवरचा आकडा आतली लांबी इंचांत सांगतो, तर 4एल, 5एल मालिकेवरचा आकडा बाहेरची लांबी इंचाच्या दहाव्या भागांत. म्हणून ए-44 आणि 4एल460 जवळजवळ एकाच मापाचे, आणि बी-46 म्हणजे साधारण 5एल490. मी जुन्यावर 490 वाचून बी-49 आणला. तीन इंच लांब. आयडलर शेवटपर्यंत गेली तरी बेल्ट झोपाळ्यासारखा लोंबत होता. जुना बेल्ट मोजण्यातही अर्थ नसतो, तो ताणलेला असतो. आयडलर निम्म्यावर ठेवून पुल्यांभोवती न ताणणारी दोरी फिरवा आणि ती मोजा.

मग सरळ रेष. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी टेकवा, चारही ठिकाणी टेकली पाहिजे. ताकद वाहणाऱ्या बाजूला आयडलर कधी लावू नका, ती नेहमी सैल बाजूला. आणि पुलीभोवतीचे ते वाकडे तारेचे खिळे निरुपयोगी समजून कापू नका. लिव्हर सोडल्यावर सैल पडलेल्या बेल्टला पुलीपासून फुगवून उचलतात ते हेच. बेल्ट ताणलेला असताना त्यांच्यात आणि बेल्टमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असावी. कुणीतरी ते काढून टाकलेलं यंत्र लगेच ओळखू येतं, ते मध्यावर उभं राहतच नाही. बेल्टवर फवारायचं चिकट रसायन मात्र घरात आणू नका. आठवडाभर आवाज बंद होतो, मग त्यावर धूळ बसून बेल्ट काचेसारखा गुळगुळीत होतो. यातलं काहीही करताना इंजिन बंद आणि प्लगची वायर काढून बाजूला. छोटी इंजिनं पुली हाताने फिरवली तरी धडधडतात.

आता दुसरी वाट. हायड्रोस्टॅटिकची मजा ज्याने अनुभवलीय तो तिला नावं ठेवणार नाही, मीही ठेवत नाही. लिव्हर नखभर हलवला तर डोझर नखभर सरकतो. भिंतीलगत किंवा रोपांच्या ओळीत पातं नेताना तो संथपणा बेल्टला साधत नाही. बेल्टवाल्याला टकटक करत, धरत-सोडत जावं लागतं. उतारावरचा फरक तर आणखी मोठा. लिव्हर मध्ये आणला की हायड्रोस्टॅटिकमध्ये तेल अडतं आणि यंत्र बऱ्यापैकी थांबून राहतं. बेल्टचा डोझर त्याच क्षणी मोकळा होतो. शिवाय उतरताना ट्रॅकच इंजिनाला ढकलू लागतात, ताण बेल्टच्या उलट बाजूला जातो आणि स्प्रिंगवरची आयडलर उचलली जाते. इंजिनाचा ब्रेक लागेल असं गृहीत धरलेला माणूस इथेच फसतो. तुमची जागा चढ-उताराची असेल आणि यंत्राला चांगला वेगळा ब्रेक नसेल, तर बेल्टचा मी कितीही कैवारी असलो तरी तुम्हाला हायड्रोस्टॅटिककडेच पाठवेन. तेलाचे शिंतोडे उडवून वंगण करणाऱ्या छोट्या इंजिनांना वीसेक अंशांपेक्षा जास्त तिरकं चालवू नये, हे मात्र दोन्हींना सारखं लागू.

पण बदल करायचा म्हणजे काय, ते मित्राच्या शेडमध्ये पाहिलं. दोन पंप, दोन मोटर, टाकी, गाळणी, नळ्या, जोड, तेल थंड करायची सोय, त्यांना बसायला जागा, आणि त्या जागेसाठी अर्धी चौकट कापून पुन्हा वेल्ड. चौकट कापली की परतीचा रस्ता बंद. त्यातून पैसे वाचवायला त्याने आधी गवत कापायच्या यंत्रातले पंप-मोटर एकत्र असलेले तयार जोड घेतले. ते जोड सपाट हिरवळीवर हलकं वजन फिरवायला बनवलेले असतात. पातं भरून तासभर ढकललं की तेल तापून पातळ होतं, आणि दुपारी डोझर सकाळपेक्षा अशक्त होतो. नंतर त्याने वेगळा पंप आणि जड मोटर घातल्या. काम छान झालं, पण एका नळीच्या जोडातून कचरा आत गेला तेव्हा पंप खोलायला जाणकार शोधावा लागला. बेल्ट तुटला तर मी वीस मिनिटांत पुन्हा चालू होतो. बिघाडाचं स्वरूप असं वेगळं आहे: बेल्ट वरचेवर आणि स्वस्तात बिघडतो, हायड्रोस्टॅटिक क्वचित आणि महागात.

बेल्टचा आणखी एक गुण बोलला जात नाही. पातं जमिनीतल्या मुळावर किंवा दगडावर आदळलं की तो घसरतो आणि बाकी सगळं वाचतं. हायड्रोस्टॅटिकमध्ये हे काम दाबमुक्ती झडप करते, तीही चांगलंच करते, पण ती बरोबर दाबावर बसवलेली हवी. घरी जोडणी करणारे तिचा स्क्रू "थोडा अजून" पिळतात आणि मग शाफ्टची चावी (शाफ्टला जोडून ठेवणारा छोटा तुकडा) तुटते.

या सगळ्या वादात लोक खालचं अंग विसरतात. ट्रॅक, त्याच्या चेन, रोलर, स्प्रॉकेट, बेअरिंग. हे दोन्ही वाटांना सारखंच लागतं, आणि माझ्या मते खरा निर्णय इथे होतो. रोलर चेनवर पट्ट्या बोल्ट केलेला ट्रॅक असेल तर बारा कड्यांची लांबी मोजा. इंचभर कडीच्या चेनला नवेपणी ती 304.8 मिलिमीटर असते. 314 च्या पुढे गेली असेल तर ती सुमारे तीन टक्के ताणली गेलीय, स्प्रॉकेटचे दातही तिने वाकडे घासले असणार. असा ट्रॅक दोन्ही बाजूंनी नव्याने करायचा खर्च बेल्टच्या सगळ्या कामापेक्षा कितीतरी मोठा. ट्रॅक फार घट्टही ठेवू नका. चिखल आत भरला की तो आपोआप आणखी ताणला जातो आणि पुढच्या चाकाची बेअरिंग खातो.

ट्रॅक्टरची वाट कुणाची? ज्याला महिन्यातून एकदा वाटेवरची खडी पसरायचीय आणि बाकी वेळ गवत कापायचं, ओझं ओढायचं आहे, त्याची. तो वेगाने फिरतो, चाकावर चालतो, सुटे भाग मिळतात. ओल्या जमिनीत मात्र त्याची चाकं खड्डा करून बसतात, तिथे डोझर आरामात जातो. सव्वाचारशे किलो भार दोन ट्रॅकवर, प्रत्येकी 15 बाय 90 सेंटिमीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास. एका पायावर उभ्या माणसाचा दाब त्याहून जास्त असतो.

पहिला बुलडोझर म्हणून ज्याचं नाव घेतात तो 1923 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये जेम्स कमिंग्ज आणि जे. अर्ल मॅक्लिऑड यांनी बनवला, ट्रॅक्टरला पुढे पातं जोडून. छोट्या डोझरची हौस त्याच जातीची आहे, जोडाजोडीची. जोडाजोडीत ज्याला आनंद नाही त्याने बेल्टवाला घेऊच नये. दर मोसमात तो काहीतरी मागणार.

म्हणून बघायला जाल तेव्हा खिशात सरळ पट्टी, मोजपट्टी आणि टॉर्च न्या. इंजिन चालू करण्याआधी चेन मोजा, पुलीच्या तळात उजेड टाका, बेल्ट सैल सोडून ट्रॅक हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका. मग चालू करा, सपाट जागी लिव्हर मध्ये ठेवा आणि मागे सरून उभे राहा. यंत्र रांगू लागलं तर घाबरू नका, ते बहुधा त्या वाकड्या तारांचं काम, भाव पाडायला उपयोगी. पण चेन गेलेली आणि स्प्रॉकेटचे दात माशाच्या काट्यासारखे टोकदार झालेले दिसले, तर बेल्ट की पंप हा प्रश्न तिथेच सोडून घरी या.