मिंट २१ आठ महिने वापरून: नेट चालू, पण नावच सापडेना

सांगलीत मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे, तिथल्या जुन्या लॅपटॉपवर जूनमध्ये लिनक्स मिंट २१ (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टम) टाकलं. बिलं, हिशोबपट्ट्या, प्रिंट सगळं झकास चाललंय, आता सीझन सुरू झालाय तरी कुठं अडलं नाही. पण एका गोष्टीनं माझे दोन आठवडे खाल्ले, ती सविस्तर सांगतो.

मागच्या खोलीत हिशोबाचा पीसी आहे, राउटरमध्ये त्याला नाव दिलेलं ‘हिशोब डॉट लोकल’. बाकीच्या पीसींवर ते नाव उघडायचं, मिंटवर नाही, आयपी, म्हणजे त्या पीसीचा आकड्यांचा पत्ता, टाकला की मात्र लगेच उघडायचं. मग मी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये, म्हणजे नावाचा पत्ता कुणाला विचारायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये, राउटरचा पत्ता घातला, रिस्टार्ट केलं की परत तिथं १२७.०.०.५३, म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता! ती फाइल म्हणजे नुसती लिंक असते, मागे सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा नावं शोधणारा प्रोग्राम बसलेला असतो, हातानं लिहिलेलं टिकत नाही. खरा डीएनएस (नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) कुठला लागलाय ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ ही कमांड दाखवते.

सगळ्यात जास्त घोळ डिग या डीएनएस तपासायच्या कमांडनं केला. डिगनं थेट राउटरला विचारलं तर बरोबर उत्तर यायचं, म्हणून मी डीएनएसवर शंकाच घेतली नाही. पण डिग फक्त डीएनएसला विचारतं, ब्राउझर आणि बाकीचे प्रोग्राम एनएसस्विच डॉट कॉन्फ या फाइलमधल्या ‘होस्ट्स’ ओळीच्या क्रमानं नाव शोधत जातात. त्यामुळं प्रोग्रामला काय दिसतंय हे बघायचं तर ‘गेटएंट होस्ट्स’ ही कमांड आणि पुढं नाव, हीच खरी परीक्षा. माझ्याकडं ते काहीच दाखवत नव्हतं.

त्या ओळीत आधी ‘फाइल्स’, म्हणजे होस्ट्स फाइल (मशीनवरचीच नावं-पत्त्यांची यादी), मग ‘एमडीएनएस४_मिनिमल’ (एमडीएनएस म्हणजे सर्व्हरशिवाय, नेटवर्कवरच्या मशीननाच थेट विचारून नाव शोधणं), त्याच्यापुढं ‘नॉटफाउंड=रिटर्न’, म्हणजे नाही मिळालं तर इथूनच परत फिर, आणि शेवटी डीएनएस. डॉट लोकल ही शेपटी एमडीएनएससाठी राखीव आहे, २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात तसं लिहिलंय, म्हणजे तिथं नाव मिळालं नाही की शोध तिथंच थांबतो, राउटरपर्यंत जातच नाही. मिंट बरोबरच वागत होतं, नाव आम्ही चुकीचं ठेवलं होतं. ती ओळ बदलूनही काम झालं असतं, पण एकेका मशीनवर अशी डागडुजी करत बसणं मला पटत नाही. राउटरमध्येच नाव ‘हिशोब डॉट होम डॉट आर्पा’ केलं, घरच्या नेटवर्कसाठी ही शेपटी २०१८ पासून राखीव आहे. तेव्हापासून एकदाही अडलं नाही.

अजून एक, लॅपटॉपचं नाव बदललंत तर होस्ट्स फाइलमधली १२७.०.१.१ ची ओळपण बदला, नाहीतर प्रत्येक सुडोला (अ‍ॅडमिनच्या हक्कानं चालवलेल्या कमांडला) ‘अनएबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ येत राहतं.