इन्स्क्रिप्टचे नऊ महिने आणि एक ऱ

इन्स्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिपींसाठीचा प्रमाण कळफलक. तो चालू कसा करायचा, हे इथे सांगत नाही. बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिमच्या भाषांच्या यादीत तो फुकट पडलेला असतो. नऊ महिने मराठी मजकूर, कोडमधल्या टिपा आणि डेटाची साफसफाई सगळं त्यावर केल्यानंतरचं हे मत. लिहायला निमित्त मात्र एका शोधाचं: ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला, तर डोळ्यांसमोर दिसणाऱ्या ओळीसुद्धा निकालात आल्या नाहीत.

आधी चांगलं. मांडणी १९८६ची आहे, पण डोकं लावून केलेली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क वर शिफ्ट दाबला की ख, त वर थ, च वर छ. एक कळ म्हणजे एक कोडपॉइंट (युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीतला एका चिन्हाचा क्रमांक), हा हिशेब जवळजवळ सगळीकडे जमतो, त्यामुळे काय टाइप झालं याबद्दल शंका राहत नाही. रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारी साधनं आपल्या मनातलं ओळखायला जातात. हा बिचारा सांगितलं तेवढंच करतो. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. कळांवर चिकटवायचे स्टिकर घेऊ नका. पैसे जातात ते जातातच, शिवाय नजर खाली राहते.

प्रोग्रामरला पहिला चटका चिन्हांचा बसतो. डॉलर, टक्के, अँपरसँड यांच्या जागी र्, ज्ञ, क्ष बसलेत. चौकटी कंसाच्या जागी ड आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब). अर्धविरामाच्या कळेवर च. आणि प्रश्नचिन्हाच्या जागी य़, जो मराठीत कोणी वापरत नाही! साधं ‘का?’ लिहायला कळफलक बदलून परत यावं लागतं. इतक्या वर्षांत हे कोणालाच खटकलं नसेल, यावर विश्वास बसत नाही.

आता मुद्दा. ‘दुसऱ्या’मधला तो आडवा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. पहिला: ऱ (कोडपॉइंट ०९३१), हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), य. इन्स्क्रिप्टवर शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’, मग तिरक्या रेघेची कळ. दुसरा: साधा र, हलन्त, त्यानंतर २००डी हे अदृश्य जोडचिन्ह, मग य. हा प्रकार युनिकोडच्या २.० आवृत्तीशी जुळतं राहावं म्हणून टिकवलेला. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. पण पहिल्यात ७ कोडपॉइंट आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत २१ बाइट, दुसऱ्यात ८ आणि २४. सरळ तुलना करणाऱ्या शोधाच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराचे वेगळे प्रकार जोडून एकसारखे करायची युनिकोडची पद्धत) लावूनही उपयोग नाही. ते र अधिक नुक्ता यांचा ऱ करून देतं, जोडचिन्हाला हातही लावत नाही.

पहिले काही महिने या सगळ्याचा राग कळफलकावर होता. ते मत मागे घेतो. इन्स्क्रिप्टवर ऱची स्वतंत्र कळ आहे. कचरा येतो तो बाकीच्या वाटांनी, आणि खरं नुकसान होतं ते नंतर साफसफाई करणाऱ्या कोडमुळे. अदृश्य चिन्हं नकोत म्हणून २००डी सरसकट पुसलं की उरतो साधा रफार, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातून थेट समुद्रात.

याच जातीची आणखी एक करामत म्हणजे शोध सोपा व्हावा म्हणून अक्षरांवरची ‘सजावट’ काढणारं कोड. फ्रेंचसाठी लिहिलेलं असतं: एनएफडी करा (म्हणजे अक्षर आणि त्यावरचं चिन्ह वेगळं करा), ‘एमएन’ वर्गातली, म्हणजे अक्षराला चिकटणारी, चिन्हं टाकून द्या. देवनागरीत ु, े, अनुस्वार आणि हलन्त याच वर्गात येतात. ‘पुणे’ टाका, ‘पण’ मिळेल. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं अंगचं रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायचं) मॉड्यूल ‘आरई’ तर मात्रेला शब्दाचा भागच मानत नाही. शब्द वेगळे करायला सांगितलं की ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे पडतात. बाहेरून घ्यायचं ‘रेजेक्स’ नावाचंच मॉड्यूल वापरा, तिथे हे नीट चालतं.

फॉर्ममधल्या नावाच्या रकान्यात अ ते ह अशी तपासणी लावणारे तर जागोजागी आहेत. त्या पट्ट्यात मात्रा येतच नाहीत, त्यामुळे ‘कुलकर्णी’ अवैध ठरतो आणि ‘कमल’ पास होते. पट्टा ०९०० ते ०९७एफ हवा, वर २००सी (अक्षरं जोडू न देणारं अदृश्य चिन्ह) आणि २००डी. माणूस दोनदा लाल अक्षरं बघतो, मुकाट्याने रोमनमध्ये नाव भरतो, आणि पुढच्या बैठकीत तोच डेटा दाखवून ‘मराठीला मागणी नाही’ असं ठरतं. रकान्याची मर्यादा बाइटमध्ये ठेवली असेल तर आणखी मजा: ‘महाराष्ट्र’ एकटाच ३० बाइट खातो.

ज्यांच्याकडे असा मिसळलेला मजकूर आहे त्यांनी क्रम सांभाळावा. आधी २००डी किती वेळा आणि कोणत्या अक्षरांमध्ये येतं ते मोजा. मग एनएफसी. मग र, हलन्त, २००डी ही तिकडी य किंवा ह यांच्या आधी आली असेल तर तिच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. ‘तऱ्हा’, ‘गुऱ्हाळ’, ‘वऱ्हाड’ यांच्यासाठी ह विसरायचा नाही. उरलेली २००डी आंधळेपणाने पुसू नका, काही इमोजी त्यावरच जोडलेले असतात. हेच रूपांतर शोधाच्या चौकटीत टाइप झालेल्या शब्दालाही लावा, नाहीतर निम्मंच काम होतं.

आणि कोणी आधीच जोडचिन्ह पुसून ठेवलं असेल तर यंत्राच्या भरवशावर राहू नका. ‘दुसर्या’ यादी लावून दुरुस्त करता येतो, कारण तसा शब्दच नाही. पण ‘आचार्यांना बोलावलं’ असं आलं, तर स्वयंपाकाला बोलावलं की प्रवचनाला, हे पुढचं वाक्य वाचूनच ठरवावं लागतं.