गाडी फलाटाला वेळेवर लागते का? लातुरातल्या एका काउन्सेलिंग केंद्राबद्दल

मी एसटीत कंडक्टर आहे. लातूर डेपो, सतरा वर्षं झाली. हॉटेल असो, दवाखाना असो, नाहीतर गॅसवाला असो, मी सगळ्यांना एकाच मापाने मोजते. सांगितलेल्या वेळेला गाडी फलाटाला लागते का? सीट फाटकी असली तरी माणूस बसतो, पण गाडी आलीच नाही तर कुठे बसणार? या केंद्रालाही तेच माप लावणार आहे.

केंद्राचं नाव लिहिणार नाही. एक तर पुढे तक्रारी आहेत, आणि त्या मी त्यांच्या तोंडावर करून झाल्यात. दुसरं म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही तिथे जातो त्या माझ्या भाच्याची अट आहे. त्याला विचारून लिहितेय. तो म्हणाला, "आत्या, माझं नाव नको, त्यांचंही नको. लातूर लहान आहे." तर इथे त्याला सोन्या म्हणू. वय पंधरा.

माझा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. कोरडवाहू पाच एकर, सोयाबीन, सोसायटीचं कर्ज, सावकाराचं वेगळं. त्याने स्वतःला संपवलं, एवढंच लिहिते. नंतर तलाठी, पंचनामा, एक लाखाच्या मदतीसाठी पात्र की अपात्र याची फाईल, हे सगळं झालं. त्या फाईलीत सोन्याचं नाव एकदाच आलं, वारस म्हणून.

दहाव्या-तेराव्याला जो आला तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून एकच वाक्य बोलून गेला, "आता तूच घरचा कर्ता." तेरा वर्षांचं लेकरू. रडलं नाही, सगळे म्हणाले, किती खंबीर आहे. मी त्याला शाळेसाठी लातूरला आणलं आणि महिन्याभरात खंबीरपणा कळला. सोमवारी पोट दुखायचं, रात्री तीनला उठून दाराची कडी तपासायचा. माझी मुक्कामी गाडी असली की फोनवर फोन. गाडीत साठ माणसं, हातात तिकीट मशीन, फोन घ्यायचा कसा? नाही घेतला की तो थेट बसस्टँडवर. दोनदा रात्री दहाला चौकशी खिडकीशेजारच्या बाकावर बसलेला सापडला. नातेवाईक नाही, डेपोतल्या एका चालकाने सांभाळला म्हणून बरं.

लातूर पॅटर्नच्या या शहरात खांबाखांबावर क्लासचे बोर्ड आहेत. असल्या गोष्टीसाठी कुठे जायचं याचा बोर्ड एकाही खांबावर नाही. शाळेच्या बाईंनी या केंद्राचा पत्ता दिला.

आता केंद्र. औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, जिना अरुंद. एक ट्रस्ट चालवतो. दर शनिवारी चार ते साडेपाच, अकरा ते सतरा वयाच्या मुलांचा गट. गरज असेल तर आठवड्यात एकट्याची भेट वेगळी. गटाचे ५० रुपये, एकट्याच्या भेटीचे ४००. जमत नसेल तर माफ करतात, पण ते तोंडाने मागावं लागतं, भिंतीवर कुठे लिहिलेलं नाही. ज्याला मागायची लाज वाटते तो जिन्यावरूनच परत जाईल. हे लिहून लावा असं मी तीनदा सांगितलंय.

पहिलाच अनुभव वाईट. काउंटरवर अकरा पानी फॉर्म. तिथल्या ताईंनी भरताना मोठ्याने विचारलं, "वडील कशाने गेले?" मागे रांगेत चार माणसं. बाहेरच्या टीव्हीवर बातम्या चाललेल्या. सोन्या काउंटरच्या काचेवर बोटाने रेघा ओढत होता. म्हणाला, "अटॅक." ताईंनी लिहिलं. मीही गप्प बसले. खोटं लिहिलंय म्हणून नाही, त्याला तिथे ते बोलावं लागलं म्हणून मला आजही राग येतो.

आत मॅडम होत्या, तिशीच्या. त्यांनी फॉर्म वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "कॅरम येतो का?" त्या दिवशी फक्त कॅरम. दुसऱ्या शनिवारीही. तिसऱ्या वेळी मला राहवेना. बाहेर आल्यावर म्हटलं, मॅडम, तुम्ही विषय कधी काढणार? त्या म्हणाल्या, "तो काढेल तेव्हा. तोवर मी इथे दर शनिवारी चारला असते, एवढं त्याला कळू दे." माझ्या मनात आलं, चला, ही बाई वेळापत्रकातली आहे.

मग त्यांनी फोनचा प्रश्न घेतला. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, आता मी त्याचा प्रत्येक फोन घेत जाईन. त्या म्हणाल्या, नका सांगू, तुम्हाला जमणार नाही आणि तो मोजत बसेल. कधी घेऊ शकता तेवढंच सांगा. आम्ही तिघांनी बसून कागद केला. गाडी सुटताना एक फोन, औसा स्टँडला एक मिस्ड कॉल, मुक्कामाच्या गावी पोचल्यावर पाच मिनिटं बोलणं. प्रत्येकापुढे वेळ. मधल्या वेळात त्याने फोन करायचा नाही. कागद स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर चिकटवला. पहिल्या आठवड्यात त्याने तरी केलेच, पण दहाचे चार झाले. एकदा लामजन्याच्या अलीकडे टायर फुटलं, चाळीस मिनिटं गेली. चालकाने जॅक काढायच्या आधी मी फोन लावून सांगितलं, आज उशीर. तो म्हणाला, "बरं," आणि झोपला. पोरगं उशीर सहन करतं. उशिराची खबर आली नाही तर सहन होत नाही. हे मला माझ्याच प्रवाशांवरून कळायला हवं होतं.

छाती धडधडायला लागली की करायची एक युक्ती शिकवली. दोन्ही हात छातीवर आडवे, अंगठे एकमेकांत, आणि तळवे पंखांसारखे हळूहळू आळीपाळीने थोपटायचे. फुलपाखराची मिठी म्हणतात. मेक्सिकोत १९९७ च्या पॉलिन चक्रीवादळानंतर तिथल्या मुलांबरोबर काम करताना ही निघाली म्हणे. मला आधी पोरखेळ वाटला. सोन्या वर्गात उघड करायला लाजतो, तर दप्तर छातीशी धरून त्याच्यामागे करतो. मीही एकदा रिकाम्या गाडीत करून पाहिली. कुणाला सांगू नका.

गटातला एक शनिवार मात्र मला फार आवडला. त्या दिवशी पालकांना शेवटची वीस मिनिटं आत बोलावलं होतं. फळ्यावर मुलांनी नातेवाइकांची वाक्यं लिहिली होती. "आता तूच घरचा कर्ता." "रडू नको, आईकडे बघ." "वडिलांचं नाव काढ." "देवाला चांगली माणसं लवकर लागतात." कोविडमध्ये आई गेलेली एक मुलगी होती, तिने खाली लिहिलं होतं, "मग तुम्ही कसे राहिलात?" सगळी पोरं हसत होती, आणि आम्ही मोठी माणसं खाली बघत होतो. कारण त्यातलं निम्मं आम्हीच बोललेलो. मॅडमनी ठरवून दिलं की मुलाला घराची जबाबदारी नाही, घरातलं एक काम द्यायचं, त्याच्या मापाचं. सोन्याकडे दुधाचा हिशेब आहे. चुकला तर दूधवाला ओरडतो, घर बुडत नाही.

इथे जरा माझं. मी किल्लारीकडची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, भूकंप. मी दहा वर्षांची होते. गणपती बुडवून गाव झोपलेलं. आमच्याकडची घरं माळवदाची, दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं ओझं. तेच अंगावर आलं. आई गेली. मी आणि हा भाऊ वाचलो, म्हणजे सोन्याचा बाप. नंतर गाड्याच गाड्या आल्या. रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग लागले. कुणी बिस्किटं दिली, कुणी बाहुली दिली, फोटो काढले, "परत येऊ" म्हणाले. आम्ही दोघं पत्र्याच्या शेडबाहेर बसून वाट बघायचो. भाऊ तर गाड्यांचे नंबर पाठ करायचा. एकही नंबर दुसऱ्यांदा आला नाही. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, त्यांचं बरं झालं असं मी मानते, कारण तिथे शाळा, जेवण, झोप सगळ्याची रोजची घंटा होती आणि घंटा वाजवणारं कुणीतरी होतं. आम्हाला आजीने सोडलं नाही. तिचं प्रेमच ते. बावन्न गावं नव्या जागी वसली, आम्हाला पक्कं घर मिळालं, पण भाऊ लग्न होईपर्यंत अंगणातच झोपायचा. त्यावर कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो आज असता, असं मी म्हणणार नाही. कर्ज कर्जच असतं. पण विचारायला हवं होतं.

म्हणून पुढचं जे घडलं त्याचा मला एवढा राग आला. चार महिने छान चाललं आणि एका शनिवारी मॅडमच्या खुर्चीत दुसरेच सर. मॅडमनी नोकरी सोडलेली. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. सर सज्जन आहेत, पण सोन्या दारातूनच मागे फिरला आणि जिन्यावर बसला. तीन आठवडे गेला नाही. पोटदुखी परत. एका निलंगा फेरीत १९ मिस्ड कॉल.

सुट्टीच्या दिवशी मी गेले आणि बोलले. म्हटलं, साहेब, गाडी रद्द झाली तर आम्ही माईकवरून सांगतो. प्रवासी शिव्या देतात, पण सांगतो. तुम्ही बाप गेलेल्या पोराला न सांगता माणूस बदलता? केंद्राचे प्रमुख वयस्कर आहेत. त्यांनी कारणं दिली नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहिते. चुकलं म्हणाले. पुढच्या शनिवारी मॅडम स्वतः आल्या, निरोप घ्यायला. कॅरम झाला, सोन्याने हरवलं. कुठे चालल्या, का चालल्या, त्याच्यामुळे नाही, हे त्यांनी त्याला सांगितलं. आता नियम केलाय की काउन्सेलर जाणार असेल तर मुलांना महिनाभर आधी सांगायचं आणि शेवटची भेट ठरवून करायची. नियम चांगला आहे. पगार इतका कमी ठेवला तर माणसं टिकणार कशी, हेही बघा म्हणावं.

पालकसभेत नव्या सरांनी हवाईतल्या काउआई बेटाचा अभ्यास सांगितला. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांवर चाळीस वर्षांचे होईपर्यंत लक्ष ठेवलं. ज्यांच्या घरी गरिबी, भांडण, दारू, आजार असं सगळंच होतं त्यातलीही साधारण एक तृतीयांश मुलं धड मोठी झाली. त्यांच्यात जे सारखं सापडलं त्यात एक म्हणजे धरून राहणारं निदान एक मोठं माणूस. आजी, शेजारी, मास्तर, कुणीही. शेजारचे गृहस्थ जांभया देत होते. मी मात्र उरलेल्या दोन तृतीयांशांचा विचार करत घरी आले.

आणखी तक्रारी आहेत. देणगीदार आले की मुलांना ओळीत उभं करून फोटो काढतात. मी सोन्याला बाजूला घेतलं, किल्लारीनंतर मला फोटोची ॲलर्जी आहे. मुलाच्या आईसाठी तिथे जवळजवळ काही नाही. वहिनी गावी शेतावर जाते. महिलांना अर्धं तिकीट झालं असलं तरी शनिवारची मजुरी पूर्ण बुडते. केंद्रातले लोक तिच्याशी आतापर्यंत फोनवर दोनदा बोलले, तेही मी मागे लागले म्हणून. तिचा नवरा गेलाय, हे सगळे विसरतात.

एक गोष्ट कौतुकाची. तिथल्या समाजसेविकेने बाल संगोपन योजनेचा अर्ज आमच्याकडून भरून घेतला. महिन्याला २२५० रुपये मिळतात. ही योजना आम्हाला गावात कुणी सांगितली नव्हती. मधल्या वारी अडचण आली तर काय करायचं, तेही दाराशी लिहिलंय. टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोन सेवा, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८.

जाणार असाल तर आधी फोन करून वेळ घ्या, शनिवारी साडेतीनलाच पोचा, आणि फॉर्म घरी नेऊन भरतो असं ठामपणे सांगा. देतात.

पाचपैकी साडेतीन देते. अर्धा फॉर्मचा कापला, एक त्या शनिवारचा.

फॉर्म दरवर्षी नव्याने भरावा लागतो. यंदा सोन्याने घरी आणून स्वतः भरला, दुधाच्या वहीशेजारी बसून. "वडील कशाने गेले" या रकान्यापाशी बराच वेळ थांबला. मग लिहिलं आणि वही मिटतात तशी पानं मिटली. मी भाकरी थापत होते, वाचलं नाही. शनिवारी माझी निलंगा ड्युटी होती, म्हणून तो एकटाच गेला. चार वाजून दोन मिनिटांनी मिस्ड कॉल आला. कागदावर ती वेळ नव्हती, त्यानेच वाढवली होती.