बडोद्याची सेंट्रल लायब्ररी: काचेवरून चालताना

तालुक्याच्या वाचनालयात तीस वर्षं पुस्तकांची देवघेव केलेला माणूस दुसरीकडे गेला की आधी कपाटांना कुलपं आहेत का ते बघतो. माझी खोड तीच. मांडवीजवळच्या या ग्रंथालयात मात्र नजर आधी पायाखाली गेली. लोखंडी मांडण्यांच्या मधली जमीन चक्क काचेची! वरचा उजेड झिरपत खालच्या मजल्यावर येतो. पहिली दोन पावलं मी नदीत उतरल्यासारखी टाकली. इमारत १९३१ची, मांडण्या अमेरिकेतल्या स्नीड कंपनीच्या.

पण मला भावली ती यामागची गोष्ट. कवळाण्याचा गोपाळ बाराव्या वर्षी दत्तक म्हणून बडोद्याला आला, तोवर त्याला अक्षरओळखही नव्हती. तोच पुढे सयाजीराव महाराज झाल्यावर पुस्तकं जमवत सुटला आणि राजवाड्यातली स्वतःची सुमारे वीस हजार पुस्तकं त्यानं या ग्रंथालयासाठी देऊन टाकली. १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं; शिकलेल्या पोरांना पुढे वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं विसरणारच, हा साधा हिशेब. १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. त्यानं वाचकांना थेट मांडणीपर्यंत जाऊ दिलं. (आमच्याकडे कित्येक वर्षं खिडकीतून नाव सांगायचं आणि मिळेल ते घ्यायचं. किल्ल्या माझ्याच कमरेला असायच्या, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार!)

गावांसाठीची योजना तर मी वहीत उतरवून आणली. गावानं वर्गणी जमवायची, तेवढेच पैसे प्रांत पंचायतीनं घालायचे आणि तेवढेच सरकारनं. वाचनालय नसेल तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जायच्या. अनुदानाची वाट बघण्यात माझी नोकरी सरली, म्हणून हे वाचताना जरा जळलोच.

जायचं तर दिवसाउजेडी जा, दिवे लागल्यावर काचेची गंमत उरत नाही. हाताशी दोन तास हवेत. मराठी पुस्तकांकडे वळायला विसरू नका. मी तिथे गेलो आणि घड्याळच विसरलो.

बायको तेवढ्यात लक्ष्मी विलास पॅलेस बघून आली. झुंबरं, तलवारी, चित्रं, सगळं रंगवून सांगत होती. महाराजांची पुस्तकं कुठे दिसली नाहीत, म्हणाली. मी हातातली वही पुढे केली.