इथरस्कॅन आणि ऑडिट रिपोर्ट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या मावसभावाच्या क्रिप्टो वॉलेटमध्ये आजही पाचशे यूएसडीटी (डॉलरच्या किमतीशी बांधलेलं टेथर कंपनीचं क्रिप्टो नाणं) दिसतात. त्यातला एकही खरा नाही. टेलिग्रामवर ओळख झालेल्या एकाने, बाजारात नव्वदीला टेकलेला यूएसडीटी ८२ रुपयांना देतो म्हणून सांगितलं आणि भावाने यूपीआयने ४१ हजार भरले. समोरच्याने एक लांबलचक पत्ता पाठवला. "वॉलेटमध्ये इम्पोर्ट टोकनला जाऊन हा टाका, म्हणजे शिल्लक दिसेल." शिल्लक दिसलीही. नाव टेथर यूएसडी, चिन्ह यूएसडीटी, दशांश स्थळं सहा, सगळं खऱ्यासारखं. दुसऱ्या दिवशी विकायला गेला तर स्वॅप, म्हणजे अदलाबदलच, होईना.

रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. मी पुण्यात लॅपटॉपवर इथरस्कॅन, म्हणजे इथरियम या क्रिप्टो नेटवर्कवरचे पत्ते आणि व्यवहार दाखवणारी साइट, उघडून बसले आणि तो इस्लामपूरहून चार-चार अक्षरं करून पत्ता वाचत होता. "अरे, झिरो-एक्सच्या पुढे काय आहे? डी-ए-सी-वन?" "नाही ताई, फाइव्ह-सी-टू-बी." मी पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच. इथरियमवरच्या खऱ्या यूएसडीटीचा पत्ता झिरो-एक्स-डी-ए-सी-वन-सेव्हन-एफ असा सुरू होतो आणि एट-थ्री-वन-ई-सी-सेव्हनवर संपतो. मला तेवढ्यावरच कळलं. त्याला सांगायला मात्र धीर गोळा करावा लागला.

त्या रात्रीपासून इथरस्कॅन माझ्या रोजच्या वापरात आहे. मी अकाउंट्समध्ये काम करते, व्हाउचर तपासणं हाताला लागलेलं आहे. त्यामुळे नातेवाईक आणि ऑफिसातले लोक मला पत्ते पाठवतात, "बघून सांग ना." नऊ महिन्यांत काय उपयोगी पडलं आणि कशाने फसायला होतं, ते लिहिते.

इथरस्कॅन २०१५ पासून चालू आहे. नुसतं बघायला पैसे लागत नाहीत, खातं लागत नाही, वॉलेट जोडावं लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण "आम्ही तुमचं टोकन तपासून देतो" म्हणत सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट उघडणारे गुप्त शब्द, मागणाऱ्या साइट्स आहेत. तपासायला सीड फ्रेज कधीच लागत नाही. मागितली की तिथून उठायचं.

पहिली गोष्ट मी शिकले ती ही की टोकनच्या नावाला काही किंमत नाही. टोकन बनवणारा कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ते टोकन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, जे नाव लिहील तेच वॉलेट दाखवतं. टेथर, यूएसडीसी, काहीही लिहा, कोणी अडवत नाही. वेगळा असतो तो फक्त पत्ता: झिरो-एक्स आणि पुढे ४० अक्षरं. मग खरा पत्ता आणायचा कुठून? विकणाऱ्याकडून नाही, ग्रुपमधल्या पिन केलेल्या मेसेजमधून नाही, गुगलवर वर झळकणाऱ्या जाहिरातीतूनही नाही. मी तो त्या प्रकल्पाच्या मूळ साइटवरून घेते आणि कॉइनगेको किंवा कॉइनमार्केटकॅप या नाण्यांची माहिती देणाऱ्या साइटवर दुसऱ्यांदा बघते. नेटवर्कही बघावं लागतं. तेच यूएसडीटी ट्रॉन या दुसऱ्या नेटवर्कवर असेल तर पत्ता टी अक्षराने सुरू होतो, आणि तिथे इथरस्कॅन नाही, ट्रॉनस्कॅन लागतं. बीएनबी चेनसाठी बीएससीस्कॅन.

जुळवताना डोळ्यांवर विसंबू नका. मी एक पत्ता नोटपॅडमध्ये पेस्ट करते, कंट्रोल-एफ दाबून शोधायच्या चौकटीत दुसरा टाकते. अख्खी ओळ रंगली तरच एकच पत्ता. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांतला फरक दिसला तर घाबरू नका, ती अक्षरं टायपिंगची चूक पकडण्यासाठी तशी लिहिलेली असतात, पत्ता बदलत नाही. पण सुरुवातीची चार आणि शेवटची चार बघून सोडून देणं फार महाग पडतं. मे २०२४ मध्ये एकाचे १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनच्या किमतीचं इथरियमवरचं टोकन), म्हणजे सुमारे ६.८ कोटी डॉलर, अशाच सारख्या दिसणाऱ्या पत्त्यावर गेले. चोराने सुरुवात आणि शेवट जुळेल असा पत्ता तयार करून त्यावरून एक किरकोळ व्यवहार पाठवून ठेवला होता. मालकाने पुढच्या वेळी व्यवहारांच्या यादीतून पत्ता कॉपी केला आणि तो नेमका चोराचा निघाला. वाटाघाटींनंतर त्यातले बरेचसे पैसे परत मिळाले. सगळ्यांच्या नशिबी ते नसतं. म्हणून जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलायचा नाही, हा आमच्या घरात आता नियम आहे.

आता इथरस्कॅनवरची ती हिरवी खूण. कॉन्ट्रॅक्टच्या टॅबवर ती दिसली की लोकांना हायसं वाटतं. मलाही वाटायचं. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की इथे दाखवलेला सोर्स कोड आणि चेनवर, म्हणजे प्रत्यक्ष नेटवर्कवर, चालणारा कोड एकच आहे. तो कोड चांगला आहे असं ती म्हणत नाही. चोरही आपला कोड व्हेरिफाय करून खूण मिळवू शकतो. खूण नसेल तर मी पुढे जातच नाही, पण असेल तर खरं वाचन तिथून सुरू होतं.

मला प्रोग्रामिंग येत नाही, तरी काही शब्द शोधता येतात: मिंट, पॉज, ब्लॅकलिस्ट, सेट फी, ओनर. मात्र हे शब्द सापडले म्हणजे लबाडीच, असं नाही. खऱ्या यूएसडीटीच्या कॉन्ट्रॅक्टमध्येही नवी नाणी काढायची, व्यवहार थांबवायची, एखादा पत्ता काळ्या यादीत टाकायची सोय आहे. प्रश्न असतो किल्ली कोणाकडे आहे याचा. इथरस्कॅनच्या रीड कॉन्ट्रॅक्ट टॅबमध्ये ओनर दाबलं की पत्ता मिळतो. तो एखाद्याचं साधं वॉलेट आहे की तीन-चार जणांच्या सह्या लागणारं मल्टिसिग, ते त्यावर क्लिक केल्यावर बहुतेकदा कळतं. एखादं कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सी असेल तर आज वाचलेला कोड उद्या मालक बदलू शकतो, म्हणून रीड ॲज प्रॉक्सी दिसलं की मी जास्त वेळ घेते.

शिवाय ट्रान्स्फरच्या यादीत बघते की साधी माणसं टोकन विकू शकली आहेत का. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्क्विड नावाचं टोकन २,८०० डॉलरच्या वर गेलं आणि १ नोव्हेंबरला जवळजवळ शून्यावर आलं. किंमत वर जात असतानाच घेतलेल्यांना ते विकता येत नव्हतं.

ऑडिटबद्दल, म्हणजे बाहेरच्या कंपनीने केलेल्या कोडच्या तपासणीबद्दल, मी सगळ्यात जास्त चुकत होते. ऑडिटेड म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर सीएची सही यायची. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला एका टोकनच्या एजंटने २६ पानांची पीडीएफ पाठवली होती. नामांकित कंपनीचा लोगो, सुबक तक्ते, गुण ९२. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात कॉन्ट्रॅक्टचा पत्ता होता. तो टेस्टनेटवरचा निघाला, म्हणजे सरावासाठीच्या जाळ्यावरचा. विकायला ठेवलेल्या टोकनचा पत्ता वेगळाच. मग मी ऑडिट कंपनीच्या साइटवर शोधलं, तर तिथे तो रिपोर्ट नव्हताच. सहकाऱ्याचे दीड लाख बँकेतच राहिले, आणि त्या दिवसापासून मी रिपोर्टचं कव्हर न बघता थेट पत्त्याचं पान उघडते.

रिपोर्ट खरा असला तरी वाचावा लागतो. ऑडिटमध्ये कोणत्या फाइल्स तपासल्या, कोणत्या कमिटवर (कोडच्या नोंदवलेल्या आवृत्तीवर), कोणत्या तारखेला, हे स्कोपमध्ये असतं. त्यानंतर कोड बदलला असेल तर नव्या भागाबद्दल तो रिपोर्ट काही सांगत नाही. त्रुटींसमोरचा शेरा बघा. रिझॉल्व्ड म्हणजे दुरुस्त केली. ॲक्नॉलेज्ड म्हणजे वाचली, मान्य आहे, आणि बहुतेकदा तशीच ठेवली. मालकाच्या हाती जास्त अधिकार एकवटले आहेत, ही त्रुटी ॲक्नॉलेज्ड दिसली की मी नाही म्हणते. एप्रिल २०२३ मध्ये मर्लिन नावाच्या डेक्समधून (मध्यस्थाशिवाय टोकन बदलून घ्यायच्या बाजारातून) ऑडिट नुकतंच झालेलं असताना सुमारे १८ लाख डॉलर गेले, आणि ते आतल्यांच्याच अधिकारांनी काढले गेले. त्याच्या आदल्या महिन्यात युलर फायनान्स या क्रिप्टोत कर्ज देणाऱ्या सेवेतून १९ कोटी ७० लाख डॉलर गेले. तिथे लबाडी नव्हती, ऑडिट एकाहून जास्त झालेली होती, पण नंतर जोडलेल्या एका फंक्शनमधली चूक निसटली. युलरचे बहुतेक पैसे परत आले.

करांचंही सांगून ठेवते, कारण लोक विचारतात. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. बुडालं ते पूर्ण बुडालं.

भावाने दुसऱ्या दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. तिथे इथरस्कॅनचा खरा उपयोग झाला. व्यवहाराचा हॅश (चेनवरची त्याची ओळख), वेळ, टोकनचा पत्ता आणि ते टोकन ज्याने बनवलं त्याचा पत्ता, एवढं मी एका कागदावर काढून दिलं. यूपीआयचा व्यवहार क्रमांक भावाने खाली लिहिला. टोकन बनवणाऱ्याच्या पत्त्यावर क्लिक केलं तेव्हा त्याच पत्त्यावरून आधी निघालेली आणखी चार टेथर यूएसडी दिसली, प्रत्येकात थोडी-थोडी माणसं अडकलेली. तक्रार अजून चालू आहे. मी दर रविवारी तो पत्ता उघडून बघते. गेल्या रविवारी सहावं टोकन निघालेलं होतं, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. त्याचा हॅश मी लगेच भावाला पाठवला, तक्रारीला जोडायला.